रेडिंगला राहून रीडिंगवरून भांडण

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थंडी सुरू झाली की दोन मेसेज हमखास येतात. एक, कुणाकडे चकलीचा सोऱ्या आहे का, आणि दुसरा, सध्या एनर्जीचं चांगलं डील कुठे आहे. सोऱ्या पाच मिनिटांत मिळतो. डीलवाल्या प्रश्नाला मात्र उत्तर म्हणून धडाधड सगळे आपापली रेफरल लिंक टाकतात, कारण तुमच्या लिंकवरून कुणी आलं की ऑक्टोपस ही वीज-गॅस विकणारी कंपनीवाले दोघांनाही पन्नास-पन्नास पाउंड देतात आणि पन्नास पाउंड कुणाला नको असतात. पण त्यातल्या एकानेही विचारणाऱ्याला "अरे तुझे वर्षाचे युनिट किती?" असं विचारलेलं मी आजवर बघितलेलं नाही. मागच्या आठवड्यात परत तेच झालं, मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि मेसेज इतका लांबला की म्हटलं राहू दे, ब्लॉगवरच टाकते.

आम्ही राहतो रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने अर्धा तास. इंग्रजीत या गावाचं स्पेलिंग आणि मीटरच्या रीडिंगचं स्पेलिंग एकच, त्यामुळे आमच्या घरात हा एक जोक कायमचा आहे की आपण रेडिंगला राहतो आणि रीडिंगवरून भांडतो. का ते पुढे येईलच.

इथे नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं सांगते, जुन्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. इंग्लंडमध्ये वीज आणि गॅस कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवता. गॅस १९९८ पर्यंत आणि वीज १९९९ पर्यंत सगळ्या घरांसाठी खुली झाली. तुमच्या घरापर्यंत येणारी तार आणि पाईप बदलत नाही, तो त्या भागाच्या नेटवर्क कंपनीचा असतो आणि त्यांचाच राहतो. बदलतं ते फक्त बिल पाठवणाऱ्याचं नाव आणि दर. बहुतेक जण दोन्ही एकाच कंपनीकडून घेतात, त्याला ड्युअल फ्युएल म्हणतात, पण तसं बंधन काही नाही, वीज एकाची गॅस दुसऱ्याचा असं खुशाल करता येतं आणि कधी कधी तेच स्वस्त पडतं. तुम्ही नव्या घरात राहायला गेलात की आधीच्या माणसाची जी कंपनी होती तीच तुम्हाला चिकटते आणि तिच्या साध्या व्हेरिएबल, म्हणजे बदलत राहणाऱ्या, दराने बिल चालू होतं. भाड्याने राहत असाल आणि बिल तुमच्या नावावर असेल तरी कंपनी बदलायचा हक्क तुमचाच. हे कित्येकांना माहीत नसतं, आम्हाला पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं, एजंटने जी कंपनी सांगितली तिलाच मुकाट्याने पैसे भरत होतो.

आता गंमत अशी की मला हा प्रकार अजिबात नवा वाटायला नको होता, कारण आमच्या गोरेगावच्या घरी बाबांनी हे २०१० मध्येच केलं होतं! मुंबईबाहेरच्या लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही, पण मुंबईच्या उपनगरात विजेची कंपनी बदलता येते. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की टाटा पॉवर घरगुती ग्राहकांनाही वीज विकू शकते आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये वीज नियामक आयोगाने रस्ता मोकळा केला, की तारा रिलायन्सच्या (आता अदानीच्या) आणि वीज टाटाची. त्याला चेंजओव्हर म्हणायचे. तारसुद्धा नवीन टाकली तर ते स्विचओव्हर. बाबांनी फॉर्म भरला तेव्हा आमच्या सोसायटीत चर्चा म्हणजे काय विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर जिन्यात थांबवून विचारलं होतं, "काय हो, टाटाची लाईट जास्त पांढरी पडते का?" आणि बाबांनी मख्ख चेहऱ्याने सांगितलं, "पांढरी नाही, पण पंखा जरा प्रामाणिक फिरतो."

पहिली काही वर्षं बिल खरंच कमी आलं. नंतर तार वापरल्याचा चार्ज, हा सरचार्ज, तो सरचार्ज असं लागत गेलं आणि फरक आटत गेला. पण बाबांची एक सवय मात्र तेव्हापासून लागली ती लागलीच, कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात मीटरचा आकडा पेन्सिलीने लिहायचा. दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. मी तेव्हा त्यावर हसायचे.

तर परत रेडिंग. इथे सगळ्यात जास्त गोंधळ कशाचा असेल तर तो प्राईस कॅपचा. ऑफजेम म्हणजे इथला नियामक, त्यांनी १ जानेवारी २०१९ पासून हा कॅप आणला आणि आता तो दर तीन महिन्यांनी बदलतो, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. २०२५ च्या ऑक्टोबरपासून बातम्यांमध्ये आकडा आला १,७५५ पाउंड. आणि आपले लोक समजतात की वा, म्हणजे वर्षाला १,७५५ च्या वर बिल जाऊच शकत नाही, मग काय, लाव हीटिंग. अहो असं नाहीये. कॅप बिलावर नाही, दरावर आहे. एका युनिटला जास्तीत जास्त किती पेन्स (शंभर पेन्सचा एक पाउंड) आणि रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो भरायचा ठरलेला आकार, जास्तीत जास्त किती, एवढंच त्यात ठरतं, आणि १,७५५ हा आकडा म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस (इथे गॅसचं युनिटही विजेसारखंच, किलोवॉट-तासाचं) वापरणाऱ्या एका 'टिपिकल' घराचा हिशोब होता. तुम्ही जास्त वापरलं तर जास्त भरणार, कमी वापरलं तर कमी. यात आपल्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा, २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानबाई लिझ ट्रस रेडिओवर सांगत होत्या की कुणालाही अडीच हजारांच्या वर बिल येणार नाही, आणि मग दिवसभर बाकीचे लोक त्यांची चूक दुरुस्त करत बसले होते.

हे समजून घ्यायला मी एकदा वहीत हिशोब करून बघितला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चा कॅपचा देशभराचा सरासरी दर असा होता: वीज २६.३५ पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज दिवसाला ५३.६८ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज ३४.०३ पेन्स. पाच टक्के व्हॅट धरून, डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँकेतून दर महिन्याला आपोआप भरणाऱ्यांसाठी. भागाप्रमाणे थोडं इकडे तिकडे होतं. त्या दराने फक्त स्टँडिंग चार्जच वर्षाला ३२० पाउंड होतो. म्हणजे एकही दिवा न लावता, चहासुद्धा न करता, घराला कुलूप लावून तुम्ही वर्षभर गोरेगावला जाऊन राहिलात तरी ३२० पाउंड. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते पटेचना, आणि त्याहून जास्त धक्का त्यांना याचा बसला की इथे स्लॅब नाही. "म्हणजे शंभर युनिटच्या आत स्वस्त, असं काही नाही?" नाही बाबा. पहिल्या युनिटला जो दर तोच तीन हजाराव्या युनिटला. "मग गरीब माणसाने काय करायचं?" याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट स्टँडिंग चार्जमुळे जो कमी वापरतो त्याचं युनिट महाग पडतं. माझी एक मैत्रीण एकटी राहते, छोटा फ्लॅट, गॅस नाहीच, सगळं विजेवर, आणि बिल्डिंग नवी असल्यामुळे वापर वर्षाला १,२०० युनिटच्या आसपास. तिचे विजेचे ३१६ पाउंड आणि वर स्टँडिंग चार्जचे १९६! तिच्यासाठी युनिट दोन पेन्सने महाग असलं तरी चालेल पण स्टँडिंग चार्ज कमी असलेलं टॅरिफ (दरांची योजना) बरं, आणि आमच्यासारख्या चार माणसांच्या, दिवसभर कुणी ना कुणी घरी असलेल्या घराला बरोबर उलटं. म्हणूनच ग्रुपवर एकाने "मी घेतलंय, मस्त आहे" म्हटलं की सगळ्यांनी तेच घ्यायचं याला काही अर्थ नसतो.

आमचा वापर मागच्या बारा महिन्यांत वीज २,९०० आणि गॅस १०,८००. हे आकडे कुठून मिळाले, तर कंपनी वर्षातून एकदा एक स्टेटमेंट पाठवते त्यात असतात, किंवा बिलाच्या दुसऱ्या पानावर कुठेतरी. तेच घेऊन तुलनेच्या वेबसाईटवर जायचं. युस्विच आहे, मनीसुपरमार्केट आहे, मार्टिन लुईसच्या मनीसेव्हिंगएक्स्पर्टचा चीप एनर्जी क्लब आहे, आणि कमिशन नको असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाईस या सल्ला देणाऱ्या संस्थेची स्वतःची तुलना आहे. बहुतेक साईट्स सुरुवातीलाच गोड आवाजात विचारतात, घरात बेडरूम किती, माणसं किती, आणि मग त्यावरून तुमचा वापर स्वतःच ठरवतात. तिथे अजिबात गप्प बसायचं नाही, "मला माझा वापर माहीत आहे" असं एक छोटं बटण कोपऱ्यात असतं ते शोधायचं आणि स्वतःचे युनिट टाकायचे. आमच्यासारख्या तीन बेडरूमच्या घराचा अंदाज आणि खरा वापर यात पहिल्या वर्षी इतका फरक निघाला होता की साईटवर पहिल्या नंबरवर दिसणारं टॅरिफ आमच्यासाठी प्रत्यक्षात पाचवं होतं.

दुसरी मेख अशी की साईट तुम्हाला आधी तीच डील दाखवते जिथे ती स्वतः तुम्हाला पोचवू शकते, म्हणजे जिथे तिला कमिशन आहे. सगळा बाजार बघायचा असेल तर फिल्टरमध्ये जाऊन ती खूण बदलावी लागते. आणि तिसरी गोष्ट, जी मला दोन वर्षं कळलीच नव्हती: "तुमचे इतके पाउंड वाचतील" असा जो मोठा हिरवा आकडा येतो तो कशाशी तुलना करून? आमचं फिक्स डील (ठराविक मुदतीसाठी बांधलेला दर) २० डिसेंबरला संपतंय, तर साईट धरून चालते की त्यानंतर आम्ही काहीच करणार नाही आणि कंपनीच्या व्हेरिएबल दरावर जाऊन पडू, आणि त्या पडण्याशी तुलना करून बचत दाखवते. खोटं नाही ते, पण मी आत्ता जे भरतेय त्याच्याशी ती तुलना नाही, आणि आपल्याला वाटतं की अरे वा, आजच्यापेक्षा इतके कमी. म्हणून मी तो हिरवा आकडा बघतच नाही. चार आकडे उतरवून घ्यायचे, दोन दर आणि दोन स्टँडिंग चार्ज, आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करायचा. दोन मिनिटं लागतात.

यंदा मी तसं केलं तेव्हा कॅपच्या दराने आमचं वर्षाचं बिल आलं १,७६४ पाउंड, आणि जे एक वर्षाचं फिक्स मला बरं वाटलं (वीज २४.१ पेन्स, स्टँडिंग ४९, गॅस ५.७५ पेन्स, स्टँडिंग ३१) त्याचं आलं १,६१२. म्हणजे दीडशे पाउंडचा फरक. खूप आहे का? नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यासाठी एवढा व्याप कशाला. माझं म्हणणं, दीडशे पाउंडमध्ये आमचा महिन्याचा इंडियन ग्रोसरीचा फेरा होतो, आंब्याच्या पेटीसकट.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. मागच्या डिसेंबरमध्येही मी अशीच मोठ्या हुशारीने कंपनी बदलली, वर्षाला शंभर-सव्वाशे वाचवले म्हणून खुश होते, आणि जानेवारीचं बिल आलं तर गॅस ३०८ पाउंड. एका महिन्याचा, आणि नुसता गॅस!

पहिली प्रतिक्रिया घरोघरी असते तीच झाली. मी नवऱ्याला म्हटलं तू थर्मोस्टॅट बावीसवर ठेवतोस, तो म्हणाला तू अर्धा तास शॉवर घेतेस, मुलांना दार उघडं टाकल्याबद्दल बोलणी बसली. दोन दिवस आम्ही घरात टोप्या घालून बसलो. मी गोधडी काढली, आईने शिवलेली, जुन्या नऊवारीची. कंपनीला फोन केला तर तिकडच्या मुलाने फार प्रेमाने सांगितलं की जानेवारी थंड होता, सगळ्यांचाच वापर वाढतो. आणि त्याच आठवड्यात इमेल आलं की तुमचा वापर बघता तुमचं महिन्याचं डायरेक्ट डेबिट १३५ वरून २६० पाउंड करत आहोत. हे म्हणजे चोर तो चोर.

मग मला बाबांचं कॅलेंडर आठवलं. मी काही दर महिन्याला लिहीत नव्हते, पण कंपनी बदलायच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवायचा एवढं मी शिकले होते, आणि जुन्या कंपनीची दोन वर्षांची बिलं इमेलमध्ये होती. ती काढून बसले. त्याच्या आदल्या जानेवारीत गॅस जळला होता १,७५० युनिट. या जानेवारीत बिलावर होते ५,१०० च्या वर. आता थंडी पडते हो, पण तिप्पट? आमच्या घरात, जिथे सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढंच हीटिंग चालतं? मीटरचे आकडे बघितले, मागचा ०४१२७, आताचा ०४२८९, फरक १६२. आकडे बरोबर होते, मीच दिले होते. मग १६२ चे पाच हजार झाले कसे?

इथे गॅसचं मीटर युनिट मोजत नाही, ते गॅस किती घनमीटर गेला ते मोजतं. त्याचे युनिट करायला कंपनी त्या आकड्याला १.०२२६४ ने गुणते, मग त्या गॅसची उष्णता किती त्याने, म्हणजे साधारण ३९ आणि वर थोडं, आणि मग ३.६ ने भागते. बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात हे सगळं दिलेलं असतं आणि आपण ते कधी वाचत नाही. सोप्यात सोपं म्हणजे एका घनमीटरचे साधारण ११.२ युनिट. १६२ गुणिले ११.२, अठराशेच्या आसपास. सहा पेन्सने १०९ पाउंड. बरोबर आपल्या अंदाजात! मग ते बारीक अक्षरातलं गणित ओळीने वाचत गेले आणि मध्येच एक आकडा दिसला जो तिथे असायचं काही कारण नव्हतं. गुणिले २.८३.

आता हे २.८३ म्हणजे काय, तर इथे जुन्या घरांत अजून काही मीटर घनमीटरवर नाहीत, क्यूबिक फुटावर आहेत, शंभर शंभर फुटांनी मोजतात, आणि शंभर क्यूबिक फूट म्हणजे २.८३ घनमीटर. अशा मीटरला इम्पीरियल म्हणतात. राणीच्या काळातलं, फूट-इंच-पाउंडवालं. नव्या कंपनीच्या नोंदीत आमचं मीटर त्या जातीचं लागलं होतं. त्यामुळे ते आमच्या प्रत्येक आकड्याला पावणेतीनपट करून, वर परत तेच सगळं गणित लावून बिल पाठवत होते. आणि आम्ही बसलोय टोप्या घालून.

ओळखायचं कसं ते सांगते, कारण त्यासाठीच हा सगळा लेख आहे खरं तर. मीटरच्या समोर जा. इथे बऱ्याच घरांना ते बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या पेटीत असतं, त्रिकोणी किल्लीने उघडतं. आकड्यांच्या पट्टीत काळ्यावर पांढरे पाच आकडे असतील, मग स्वल्पविरामासारखं टिंब, मग लाल चौकटीत आणखी काही, आणि शेजारी इंग्रजी छोटा एम आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला तीन, तर ते घनमीटरवालं. चारच आकडे असतील आणि शेजारी फुटाचं एफ-टी लिहिलं असेल तर ते इम्पीरियल. लाल आकडे रीडिंग देताना सोडून द्यायचे. आणि मग बिलाच्या मागच्या पानावर त्यांनी तुमचं मीटर कुठल्या जातीचं धरलंय ते बघायचं. उलटी चूकही होते म्हणे, म्हणजे इम्पीरियल मीटर घनमीटरचं समजून कमी बिल पाठवायचं, आणि मग एक दिवस जाग आली की मागचं सगळं मागायचं. त्यात एक आधार आहे, २०१८ पासून इथे नियम आहे की कंपनीची चूक असेल तर बारा महिन्यांच्या मागचे पैसे ती मागू शकत नाही.

आमचं प्रकरण पाच आठवडे चाललं. पहिल्या दोघांना मी फोनवर इम्पीरियल-मेट्रिक समजावत बसले तर त्यांनाच कळेना. तिसऱ्यांदा फोन केलाच नाही, लेखी तक्रार केली. इमेलमध्ये फोटो, वर लाल गोल करून तो एम आणि तीन, खाली चार ओळींत गणित, आणि शेवटी लिहिलं की आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे, जाईन. हे वाक्य जादूचं आहे. फोनवर चढ्या आवाजात बोलून जे होत नाही ते या एका ओळीने होतं. चौथ्या दिवशी कुणातरी बाईंचं उत्तर आलं, त्यांना पहिल्याच वाचनात कळलं होतं, बिलं नव्याने काढली, डायरेक्ट डेबिट परत १३५ वर आलं, जास्तीचे पैसे खात्यात जमा झाले आणि वर तीस पाउंड सॉरी म्हणून. कंपनीचं नाव मी घेत नाहीये, ग्रुपवर विचारू नका, कारण अशी नोंदीची चूक कुणाकडेही होऊ शकते आणि त्या बाई चांगल्या होत्या.

तेव्हापासून आमच्याही फ्रिजवर कॅलेंडर आहे. एक तारीख, दोन आकडे, पेन्सिलीने. मोठी मुलगी हसते.

कंपनी बदलायची भीती मात्र बाळगू नका, त्यात आता खरंच काही राहिलेलं नाही. आधी तीन-तीन आठवडे लागायचे, २०२२ च्या उन्हाळ्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत होतं. जुन्या कंपनीला फोन करून "मी जाते" असं सांगायचंसुद्धा नसतं, नवीनच सगळं करते. मन बदललं तर चौदा दिवसांत रद्द. फिक्स डील मध्येच सोडलं तर एक्झिट फी लागते, प्रत्येक इंधनामागे वेगळी, ती सही करायच्या आधीच बघून ठेवा, पण डील संपायच्या आधीच्या शेवटच्या ४९ दिवसांत ती घेता येत नाही. म्हणून आमचं २० डिसेंबरला संपणारं होतं तर मी १ नोव्हेंबरला मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवला होता, "४९" एवढंच लिहून, आणि तो वाजला तेव्हा मला स्वतःलाच दहा मिनिटं कळेना की हे काय आहे. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं आणि तुमचे पैसे शिल्लक असतील तर त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परत करायचे. उन्हाळ्यात डायरेक्ट डेबिटचे पैसे साठत जातात, आमचे एकदा दोनशेच्या वर साठले होते, ते असेच सोडू नका.

एक खटकणारी गोष्ट आहेच, स्मार्ट मीटर, म्हणजे कंपनीला रीडिंग आपणहून पाठवणारं मीटर. आमच्या विजेचं मीटर आधीच्या मालकांनी बसवलेलं पहिल्या पिढीचं, ते आम्ही कंपनी बदलली तेव्हा ढ झालं, म्हणजे चालू असतं पण नव्या कंपनीशी बोलत नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा तो छोटा स्क्रीन आता ड्रॉवरमध्ये बॅटऱ्यांच्या शेजारी पडलाय. दुसऱ्या पिढीच्या मीटरना हा त्रास नाही. पण काही स्वस्त टॅरिफ आता स्मार्ट मीटर बसवून घ्यायच्या अटीवरच मिळतात, ते आधी वाचा.

आणि कुणी म्हणेल की छोट्या कंपन्या बुडतात मग काय. बुडतात, खरं आहे. २०२१ च्या हिवाळ्यात गॅसचे भाव आकाशाला भिडले तेव्हा एकामागून एक बुडाल्या, बल्बसारखी पंधरा लाखांहून जास्त गिऱ्हाईकं असलेली कंपनी नोव्हेंबरमध्ये सरकारी प्रशासकाच्या हातात गेली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ऑक्टोपसकडे आली. पण कुणाच्याही घरातली लाईट गेली नाही. ऑफजेम दुसरी कंपनी नेमून देतं आणि तुमचे जमा पैसे सुरक्षित राहतात. जे खरं भोगलं ते दराचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅप ३,५४९ जाहीर झाला तो दिवस मला आठवतोय, ऑफिसात लोक एकमेकांना पत्त्यांसारखे आकडे दाखवत होते. मग सरकार मध्ये पडलं, टिपिकल घराला अडीच हजार एवढ्यावर दर धरून ठेवले, वर प्रत्येक घराला चारशे पाउंड सहा महिन्यांत हप्त्या-हप्त्याने दिले. त्या काळात स्विच करायला काही उरलंच नव्हतं, फिक्स डील बाजारातून नाहीशी झाली होती. जे मुकाट्याने जागच्या जागी बसले तेच तेव्हा शहाणे ठरले, म्हणजे दरवर्षी बदललंच पाहिजे असंही नाही.

बाबांना परवा व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्यांनी लगेच दीडशे पाउंडचे रुपये करून बघितले, मान हलवली, आणि विचारलं, "मग नव्या कंपनीची शेगडी जास्त निळी पेटणार का?" आईला काही कळलं नाही, आम्ही दोघंच हसत बसलो.

बुधवारी स्विच आहे. काल साडेचारलाच अंधार झाला होता म्हणून टॉर्च लावून बाहेर गेले, त्रिकोणी किल्ली नेहमीप्रमाणे नवऱ्याने हातोडीच्या डब्यात टाकलेली, ती शोधण्यात पंधरा मिनिटं. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात काचेवर टॉर्चचा पांढरा डाग आला. तिसऱ्यात आलं सगळं, पाच पांढरे आकडे, लाल चौकट, आणि शेजारी एम आणि त्याच्या डोक्यावरचा तीन, झूम केलं तरी स्पष्ट.